वारुळावरच्या सात्या

पावसाळ्यात गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजारांत सात्या नावाची रानअळंबी येते आणि बघता बघता संपते. वाळवी वारुळात जी बुरशी जोपासते, तिलाच हे कोंब फुटतात. माणसाला ते शेतात पिकवता येत नाहीत. वारूळ मोडलं, की तिथल्या सात्याही गेल्या.

रानातले असे बदल सर्वांत आधी टिपतात त्या रानात रोज वावरणाऱ्या बायका. तरोट्याची भाजी कुठे कोवळी, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब कुठे विरळ झाले, कुडा कधी फुलला, सारं त्यांना ठाऊक.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने रानाचे प्रश्न अभ्यासगटांत चर्चेला घेतले, फळझाडं न तोडण्याचं ठरवलं. २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला.

इतर ग्रामसभांनीही रानाचा असा विचार करावा, रानभाज्यांच्या नोंदींची वही ठेवावी, आणि लिहिताना या बायकांना आधी विचारावं.