खेळातली आगगाडी मध्येच का थांबते?

श्रोतेहो, विशेषतः शाळेत विज्ञान शिकवणारे गुरुजी आणि बाई, आजचा विषय तसा खेळण्याचा आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ साली खुले झाले. तसली गाडी कोणी शाळेला भेट देतो. चार दिवस ती झोकात पळते, मग एका ठरावीक जागी अडते. मुले बोटाने ढकलतात. शेवटी कोणीतरी म्हणतो, "इंजिन गेलं!" आणि गाडी कपाटात जाते. पुष्कळदा इंजिन धडधाकट असते. वीजच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

आता असे पाहा. सर्वत्र चालणाऱ्या एचओ मापाच्या गाडीत दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर असते. हे दोन रूळ म्हणजेच दोन तारा. पेटीतून सुमारे १२ व्होल्टपर्यंतचा दिष्ट प्रवाह एका रुळावर येतो, चाकातून मोटरीत शिरतो आणि पलीकडच्या चाकाने दुसऱ्या रुळावर उतरतो. (संगणकी नियंत्रणाच्या नव्या गाड्यांची तऱ्हा निराळी, त्या आज बाजूला ठेवू.) घरातली २३० व्होल्टची वीज रुळांना थेट कधीही लावू नये. ते जिवावरचे काम आहे.

बिघाड शोधायला मोटारीच्या पार्किंग दिव्याचा १२ व्होल्ट, ५ वॅटचा बल्ब घ्या आणि त्याला दोन तारा जोडा. व्होल्टमीटर का नको? तो इथे फसवतो. पाइपात कचरा अडकला तरी नळ बंद असेतो दाब पुरा भरतो. नळ सोडला की धार करंगळीएवढी! मीटर जवळजवळ प्रवाहच घेत नाही, म्हणून खराब जोडापलीकडेही १२ व्होल्ट दाखवतो. पण जोडाचा रोध १० ओहम असेल आणि इंजिन पाव अँपिअर घेत असेल, तर अडीच व्होल्ट तिथेच खपतात. बल्ब प्रवाह ओढतो, म्हणून खरे सांगतो.

प्रथम बल्ब पेटीलाच लावून पाहा. नीट पेटला तर पेटी चांगली. मग रुळांवरून त्याला पुढेपुढे न्या. एका जोडाअलीकडे लख्ख आणि पलीकडे मंद झाला, की चोर सापडला. दोन रुळांपैकी कोणता? एक तार पलीकडेच ठेवून दुसरी तिच्या रुळावर जोडाअलीकडे घ्या. उजेड वाढला तर त्याच रुळाची जोडपट्टी सैल किंवा गंजलेली. पक्कडीने हलकेच आवळा. मुळात केवळ जोडपट्ट्यांवर विसंबूच नये. लांब रुळाला पेटीपासून जागोजागी तारा नेऊन डाख द्यावा.

सगळे रूळ ठीक आणि तरी गाडी अडखळते, तेव्हा मळ पाहा. रूळ व इंजिनाची चाके स्पिरिटच्या फडक्याने पुसा. वीज बंद ठेवून, आणि स्पिरिट उडून जाईपर्यंत थांबून. पॉलिशपेपरचा मोह पुष्कळांना होतो. त्याने रूळ चकचकतो खरा, पण ओरखड्यांत मळ पुन्हा लवकर बसतो.

आता उलटा प्रकार. पेटी लगेच बंद पडते, म्हणजे दोन रूळ कुठेतरी एकमेकांना भिडले आहेत. रुळांवर पडलेला खिळा, टाचणी, सांध्यातला तारेचा तुकडा, काहीही असू शकते. सारे डबे उचला आणि तोच बल्ब पेटीच्या एका तारेच्या वाटेत जोडा. रूळ मोकळे असताना तो पेटता कामा नये. पेटला, तर रुळांचे तुकडे एकेक सोडवत जा. ज्या तुकड्यासरशी बल्ब विझेल, त्यात दोष.

आणि कधी कधी दोष कशातच नसतो, आखणीतच असतो! रूळ वळसा घेऊन स्वतःलाच परत येऊन मिळाला, तर डावा रूळ उजव्याला जुळतो. फळ्यावर दोन रंगांच्या खडूंनी दोन रूळ काढून दाखवा. मुलांना क्षणात कळेल. तिथे वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रुळांत फट ठेवून प्लॅस्टिकच्या जोडपट्ट्या घालाव्या लागतात. मधल्या तुकड्याला वेगळी वीज द्यायची आणि तिची दिशा बदलायला वेगळे बटण ठेवायचे.