स्वागत आणि एक मागणी

आदरणीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, सातारा-सांगलीतील नर्सिंग महाविद्यालयांचे प्राचार्य, ट्यूटर, संस्थांचे कार्यकर्ते आणि मागच्या रांगा धरून बसलेले विद्यार्थी मित्रहो,

कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, कराडनगरीत आपले मनःपूर्वक स्वागत. 1949 पर्यंत सांगलीचे काही तालुके सातारा जिल्ह्यातच होते, त्यामुळे सांगलीकरांना पाहुणे म्हणणे जिवावर येते. शिवाय 1894 साली डॉ. वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उभारले. शुश्रूषेची परंपरा आम्ही तुम्हाला काय सांगावी!

आज विषय किशोरवयीन मुलामुलींचा आहे. 2014 पासूनचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 10 ते 19 वयोगट पाहतो. शाळेत तपासणी करणारे बाल स्वास्थ्य पथक अठराला थांबते, बाल कल्याण समितीही. व्यसनाचा प्रश्न असला तर साताऱ्यात ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र आहे. आपली विद्यार्थिनी यातल्या एखाद्या ठिकाणी जाते, चार्ट लावून हेल्थ टॉक देते, लॉगबुकवर सही घेते आणि परतीची एसटी पकडते. मी याला पोस्टिंग म्हणत नाही, सहल म्हणतो.

ऊसतोडीच्या हंगामात मजुरांच्या कोप्यांवर जाऊन पाहा. सोळा वर्षांची गरोदर पोर डॉक्टरांना वय एकोणीस सांगते आणि बीपी घेणाऱ्या, तिच्याहून थोड्याच मोठ्या विद्यार्थिनीजवळ खरे बोलून जाते. ‘कुणाला सांगू नका हं ताई.’ ताईने काय करावे? शब्द देता येत नाही. पोक्सो कायद्याचे 19 वे कलम कळवणे बंधनकारक करते. गप्प राहिले तर गुन्हा, आणि धसमुसळेपणाने बोलले तर ती पोर पुन्हा दवाखान्याची पायरी चढणार नाही. हे कोपीवर पाऊल टाकण्याआधी शिकवायला हवे, आणि ट्यूटर फोनवर नव्हे, शेजारी हवी. पुढे मुलगी समितीपुढे, समुपदेशकाकडे, प्रसूतीसाठी सिव्हिलला जाईल. तिची तयारी असेल आणि परवानगी मिळेल, तर तीच विद्यार्थिनी तिच्यासोबत राहावी. तीच कहाणी दर टेबलावर नव्याने सांगायला लावणे हा छळच आहे. त्यासाठी विद्यार्थी थोडे पाठवा, पण जास्त दिवस पाठवा.

जेवण साधे आहे. पिठलं-भाकरी गोड मानून घ्या. काही उणे राहिले तर पदरात घ्या. मात्र दुपारच्या सत्रातून उठण्यापूर्वी दोन्ही जिल्ह्यांच्या अधिकाऱ्यांनी आणि संस्थांनी एवढे लेखी द्यावे, की आपल्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याची जबाबदारी नेमकी कोणाची आणि अडचणीत त्याने कोणाला हाक मारायची.