गोळीचं वजन ठरवायचं कुणी?



उन्हाळी व्याख्यानमालेत बंदुकीच्या गोळीवर बोलायचं म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या असतील. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा जमाना संपवला, आणि ते योग्यच झालं. पण नेमबाजी मात्र आपल्या घरातली आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवलं, तेव्हा ज्यांनी आयुष्यात रायफल हातात धरली नाही तेही टीव्हीसमोर श्वास रोखून बसले होते. रायफलचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : गोळी जड चांगली की हलकी? आज एवढ्या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा करू. त्यासाठी मी तुम्हाला स्वीडन आणि नॉर्वेत नेणार आहे, कारण तिथे एकच रायफल निशाणाच्या मैदानावरही चालते आणि शिकारीच्या हंगामात रानातही जाते.

आधी मोजमाप. गोळी म्हणजे अख्खं काडतूस नव्हे. नळीतून बाहेर पडून लक्ष्याकडे जातो तो तुकडा. तिचं वजन ग्रेनमध्ये सांगतात. पौंडाचे ग्रेन 7000. इंग्रज सरकारने 1833 साली तोळा ठरवला तो नेमका 180 ग्रेनचा. म्हणजे .30 कॅलिबरच्या रायफलींत जगभर वापरली जाणारी 180 ग्रेनची गोळी सराफाच्या काट्यावर बरोबर एक तोळा भरेल. आज आपण जिच्याबद्दल बोलणार आहोत ती 140 ग्रेनची, म्हणजे पाऊण तोळ्याहून किंचित जास्त, ग्रॅममध्ये 9.07.

ही गोळी ज्या काडतुसात बसते ते साडेसहा बाय पंचावन्न या नावाने ओळखलं जातं. साडेसहा मिलिमीटरची नळी, पंचावन्न मिलिमीटरचं पितळी कवच. स्वीडन आणि नॉर्वे एका राजाखाली होते त्या काळात, 1894 साली, दोन्ही देशांच्या सैन्यांसाठी ते स्वीकारलं गेलं. तेव्हाची गोळी 156 ग्रेनची, लांबुळकी आणि बोथट नाकाची होती. 1941 साली स्वीडिश सैन्याने तिच्या जागी 139 ग्रेनची टोकदार गोळी आणली. ती अधिक वेगाने सुटते, तिचा मार्ग अधिक सपाट असतो, आणि अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम फार खाली जात नाही. सैन्य हलक्या गोळीकडे वळलं. सांबराच्या कुळातल्या मूस या अवाढव्य प्राण्याचे शिकारी मात्र 156 ग्रेनला चिकटून राहिले. हा निव्वळ जुन्याचा हट्ट होता का? नाही. त्यामागे गणित आहे.

काडतुसात दारू मावते तेवढीच मावते, आणि नळीला दाब सोसतो तेवढाच सोसतो. त्यामुळे गोळी जड केली की वेग कमी होतो, हलकी केली की वाढतो. आजच्या काडतुसांत 140 ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण 800 मीटर वेगाने सुटते, 156 ग्रेनची साधारण 760 मीटरने. नळीच्या तोंडाशी दोघींची ऊर्जा काढा. दोन्हींचं उत्तर 2900 ज्यूलच्या आसपास येतं. ‘जड गोळी म्हणजे जास्त ताकद’ ही समजूत इथेच गळून पडते. वजनामुळे ऊर्जा वाढत नाही. ती कुठे आणि कशी खर्च होणार, हे बदलतं.

आता कायदा पाहा.  मूसचा मोठा नर 400 किलोंच्याही पुढे जातो. अशा प्राण्यासाठी स्वीडनच्या नियमांनी दोन वाटा आखून दिल्या. गोळी 9 ग्रॅमची असेल तर 100 मीटरवर तिच्यात किमान 2700 ज्यूल ऊर्जा हवी. गोळी 10 ग्रॅमची किंवा अधिक असेल तर 2000 ज्यूल पुरेत. आपल्या 140 ग्रेनच्या गोळीला 2700 ज्यूल गाठायचे तर 100 मीटरवर सेकंदाला 770 मीटरचा वेग टिकायला हवा. 800 ने निघालेली गोळी तोवर बहुधा त्याच्या खाली आलेली असते. म्हणजे ती नापास. 156 ग्रेनची गोळी 10.1 ग्रॅमची, तिला जेमतेम 630 मीटरचा वेग पुरतो, आणि तो तिच्याजवळ सहज असतो. एका ग्रॅमच्या फरकासाठी कायद्याने 700 ज्यूल सोडून दिले.

का सोडले? कारण शिकारीची गोळी प्राण्यात शिरल्यावर पुढून उमलते, जवळजवळ दुप्पट रुंद होते, आणि तिथून तिला जबर अडथळा होतो. तेव्हा आत खोलवर, फुप्फुसांपर्यंत पोहोचवतं ते मागचं वजन. अरुंद व्यासात जास्त वजन कोंबलेलं असलं की गोळी खोल जाते. साडेसहा मिलिमीटरची 140 ग्रेनची गोळी याच हिशेबाने .30 कॅलिबरच्या 150 ग्रेनच्या गोळीला मागे टाकते, वजनाने कमी असूनही. वजनाचा आकडा एकटा वाचू नये. त्याच्याशेजारी व्यास ठेवून वाचावा.

निशाणाच्या मैदानावर प्रश्नच वेगळा. कागदात खोल जायचं नसतं. पहिली गोळी जिथे गेली तिथेच दहावी जायला हवी. तिथे शत्रू वारा. लांब, निमुळती, मागे होडीसारखी बारीक होत गेलेली गोळी हवेला कमी अडते, वेग टिकवते आणि वाऱ्याने कमी ढळते. त्यामुळे लांब पल्ल्याचे नेमबाज त्या कॅलिबरमधल्या जड बाजूच्या गोळ्या निवडतात. या गोळ्यांच्या टोकाला बारीक भोक असतं. ते पाहून पुष्कळांना वाटतं की ती शिकारीसाठी उमलणारी आहे. तसं नाही. तांब्याचं आवरण मागून पुढे ओढून मिटवतात, म्हणजे बूड एकसंध राहतं आणि नेम सुधारतो. भोक हे त्या कृतीचं उरलेलं चिन्ह. म्हणून 140 ग्रेनची निशाणाची गोळी आणि 140 ग्रेनची शिकारीची गोळी, वजन एकच असूनही, एकमेकींच्या जागी वापरू नयेत. पहिलीचं प्राण्याच्या अंगात काय होईल याचा भरवसा नाही.

स्वप्निल ज्या प्रकारात खेळतो त्यात .22 ची गोळी साधारण 40 ग्रेनची, म्हणजे 2.6 ग्रॅमची असते. तिथे वजनाची निवड जवळपास नसतेच. हे नेमबाज वजनाऐवजी काडतुसांची खेप निवडतात : एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या खेपा स्वतःच्या नळीतून झाडून बघतात आणि जिचा पुंजका सर्वांत घट्ट येतो तिचाच साठा घेतात. शेवटचा शब्द नळीचा.

हा शब्द नळी कशी देते? तिच्या आतल्या आट्यांच्या पिळातून. स्वीडिश नळीत आटे 200 मिलिमीटरला एक पूर्ण फेरा घेतात. 800 मीटर वेगाने निघालेली गोळी त्यामुळे सेकंदाला 4000 वेळा गरगरते, आणि भोवरा जसा फिरत असेतो उभा राहतो तशी ती सरळ राहते. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी 1879 साली यासाठी सोपं सूत्र दिलं : व्यासाच्या वर्गाला 150 ने गुणा, गोळीच्या लांबीने भागा, येईल तेवढ्या अंतरात एक फेरा हवा. सगळी मापं इंचांत. या सूत्रात वजन कुठेच नाही, हे लक्षात घ्या. नळीला वजनाशी देणंघेणं नाही. तिला लांबी कळते. आपण ‘ही नळी जड गोळीची’ म्हणतो, कारण एकाच व्यासाची, एकाच धातूची गोळी जड करायची तर ती लांब करावी लागते.

धातू बदलला की हे उघड दिसतं. डेन्मार्कने एप्रिल 2024 पासून शिकारीच्या रायफलसाठी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. निखळ तांबं शिशापेक्षा हलकं : शिसं घन सेंटिमीटरला 11.3 ग्रॅम, तांबं जेमतेम 9. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि जुन्या नळीचा पीळ तिला अपुरा पडू शकतो. म्हणून तांब्याकडे जाताना शिकारी वजन उतरवतात, 140 वरून 120 च्या आसपास येतात. फारसं बिघडत नाही, कारण तांब्याची गोळी आत फुटून तुकडे गमावत नाही; निघाली तेवढीच जवळपास पोहोचते.

तेव्हा निवडीचा क्रम असा. आधी नळीचा पीळ पाहा, कारण तो बदलता येत नाही. मग विचारा, गोळीने पोहोचल्यावर काय करायचं आहे : कागदावर खूण, की जिवाचा झटपट अंत? मग अंतर, मग कायदा. वजन यातून आपोआप निघतं. ते आधी ठरवून बाकीचं जुळवायला गेलं की घोटाळा होतो. आणि एकदा ठरलं की ते वारंवार बदलू नये, कारण दुसऱ्या वजनाची गोळी त्याच नेमाने दुसरीकडेच लागते.

नॉर्वेत मोठ्या जनावराच्या शिकारीआधी दरवर्षी परीक्षा द्यावी लागते : 100 मीटरवर 5 गोळ्या, पाचही 30 सेंटिमीटरच्या वर्तुळात. या परीक्षेत गोळीचं वजन कुणाला वाचवत नाही. जखमी प्राणी रानात सुटू नये म्हणून ती आहे, आणि वजनाच्या अटीही त्याचसाठी आहेत. म्हणून या सभागृहात जे तरुण नेमबाज बसले आहेत त्यांना एवढंच सांगतो : कोणती गोळी श्रेष्ठ यावर वाद घालण्यात जाणारा वेळ मैदानावर घालवा. आपल्या नळीला मानवणारं एक वजन शोधा, आणि मग सराव त्याच वजनाने करा.