शेवटच्या फटक्याच्या आधी



मेलबर्नच्या निरनिराळ्या विद्यापीठांतून पदवी घेतलेली मराठी मुलंमुली आज ग्लेन वेव्हर्लीत एकत्र आली आहेत. इथे चिनी, भारतीय, श्रीलंकन, मलेशियन घरं एकमेकांच्या शेजारी नांदतात आणि या सगळ्या घरांना बॅडमिंटनचं वेड आहे. म्हणून आज मी बॅडमिंटनवर बोलणार आहे. त्यातही दुहेरीवर, आणि दुहेरी खेळून पुढे प्रशिक्षक झालेल्या माणसांवर.

दुहेरीत टाळ्या पडतात त्या स्मॅशला. पण समोरच्याला शटल उंच उचलायला लावलं ते नेटजवळच्या जोडीदाराने, एक फटका आधी. सर्व्हिस करण्यापूर्वी तो एक हात पाठीमागे नेतो आणि बोटांनी खूण करतो: सर्व्हिस कुठे टाकणार, हे मागच्याला कळावं म्हणून. एकदा शटल सुटलं की तो मागे वळून पाहत नाही. मागची बाजू सांभाळलेली आहे, असं धरूनच तो रॅकेट वर करून पुढे सरकतो. ज्याला हा आधीचा फटका दिसतो तो चांगला गुरू होतो, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्या हिशेबात फक्त शेवटचा फटका असतो, तो कितीही जिंकला तरी त्याचा हिशेब कधीतरी चुकतो.

आपल्याच माणसांपासून सुरुवात करतो. 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी पुरुष दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. त्याच काळात दुहेरी गाजवणारे उदय पवार पुढे मुंबईत मुलांना शिकवू लागले. गोरेगाव स्पोर्ट्स क्लबच्या कोर्टवर त्यांच्या हाताखाली जी पोरं घडली, त्यांत एक होता चिराग शेट्टी.

बॅडमिंटन शिकवणारा माणूस कधी जवळून पाहिलाय तुम्ही? डाव्या हातावर शटलची लांब चळत असते, उजव्या हातात रॅकेट. एक शटल पुढे, एक मागे, एक थेट अंगावर. पोरगं धापा टाकतं आणि याचा हात थांबत नाही. चळत संपली की कोर्टभर पांढरी पिसं पसरलेली असतात. मुलं ती गोळा करतात आणि पुन्हा सुरू. असं वर्षानुवर्षं चालतं. यातला एकही फटका कुठल्या निकालात नोंदला जात नाही.

पुढे चिराग हैदराबादला गोपीचंद अकादमीत गेला. तिथे मलेशियाहून आलेले प्रशिक्षक तान किम हर यांनी त्याची जोडी आंध्रातल्या अमलापुरमच्या सात्त्विकसाईराज रंकीरेड्डीशी जुळवली. दोघेही उंच, दोघांचाही जीव मागून जोरात मारण्यात. दोघांनाही पुढे येऊन नेट सांभाळायला शिकवणं, हे खरं काम होतं. 2018 मध्ये, इथल्याच गोल्ड कोस्टला, राष्ट्रकुल स्पर्धेत या जोडीने रौप्य मिळवलं. 2022 मध्ये भारताने थॉमस चषक जिंकला, त्या संघात हे दोघे होते. आणि 2023 मध्ये हांगचौला आशियाई स्पर्धेतलं बॅडमिंटनचं भारताचं पहिलं सुवर्ण त्यांनी आणलं. गंधे-डिसांच्या कांस्यानंतर 41 वर्षांनी! मधल्या काळात किती जणांनी किती शटल टाकली असतील, याचा विचार मनात आला की माझा ऊर भरून येतो.

आता चीनकडे वळू. ली योंगबो हे तिथलं सर्वांत मोठं उदाहरण. तियान बिंगयी यांच्या जोडीने ते 1987 आणि 1989 मध्ये जगज्जेते झाले, 1992 च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये त्यांनी कांस्य मिळवलं. 1993 पासून 2017 पर्यंत चिनी संघाची सूत्रं त्यांच्या हाती होती. लिन डानपासून फू हाईफेंगपर्यंत केवढी मोठी फळी या काळात उभी राहिली! 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये बॅडमिंटनची पाचही सुवर्णपदकं चीनने नेली. असा पराक्रम कुठल्याही देशाने त्याआधी केला नव्हता.

पण त्याच लंडनमध्ये 31 जुलैच्या संध्याकाळी वेम्बली अरीनात जे घडलं, तेही तुम्हाला सांगायला हवं. महिला दुहेरीत यू यांग आणि वांग शियाओली ही जगातली पहिल्या क्रमांकाची जोडी कोरियन जोडीपुढे उभी होती. बाद फेरी दोन्ही जोड्यांनी आधीच गाठली होती. हरलं तर पुढची वाट सोपी होत होती, आपल्याच देशाच्या दुसऱ्या जोडीशी अंतिम फेरीआधी गाठ पडणार नव्हती. म्हणून सर्व्हिस नेटमध्ये, साधे फटके कोर्टबाहेर. सगळ्या सामन्यातली सर्वांत लांब रॅली चार फटक्यांची. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. दुसऱ्या दिवशी असंच मुद्दाम हरू पाहणाऱ्या चार जोड्या, म्हणजे आठ खेळाडू, स्पर्धेबाहेर काढले गेले. ली यांनी जाहीर माफी मागितली.

हा डाग मी ली यांच्या कर्तृत्वाहून मोठा मानत नाही. पण तो झाकणारही नाही. जगात पहिल्या असलेल्या दोन मुलींना शटल मुद्दाम नेटमध्ये घालावंसं वाटतं, तेव्हा त्यांच्या भोवतीच्या सगळ्या व्यवस्थेने फक्त शेवटचं पदक मोजलेलं असतं. तुमच्यातले काही जण उद्या इस्पितळात जातील, काही बँकेत, काही प्रयोगशाळेत. तिथेही आकडे पुरे करण्यासाठी कुणीतरी हळूच सांगेल, इथे थोडं हरा, पुढे फायदा आहे. नाही म्हणायचा हक्क आज या पदवीने तुम्हाला दिलाय. तो वापरा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चिराग-सात्त्विकची एक गोष्ट राहिली. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ते उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाच्या ॲरन चिया आणि सोह वूई यिक यांच्याकडून हरले. त्यांना जगात अव्वल स्थानी नेणारे डॅनिश प्रशिक्षक मथियास बो यांनी त्यानंतर निरोप घेतला. बो स्वतः दुहेरीतले ऑलिम्पिक रौप्यविजेते. पुढे तान किम हर परत आले, ज्यांनी जोडी जमवली होती तेच. ऑगस्ट 2025 मध्ये जागतिक स्पर्धेसाठी ही पोरं पुन्हा पॅरिसला गेली. पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, पुन्हा समोर चिया आणि सोह. या वेळी आपली जोडी सरळ दोन गेममध्ये जिंकली आणि कांस्यपदक घेऊन परतली.

तुम्हा सर्वांचं, आणि तुमच्यासाठी शटल टाकत राहिलेल्या तुमच्या आईवडिलांचं व शिक्षकांचं, मनापासून अभिनंदन.