प्रोसेसर बदलू की रॅम वाढवू? शहाद्याच्या ताईंचा प्रश्न

आजचा प्रश्न शहाद्याहून आलाय. एक ताई विचारतात: घरी जुना डेस्कटॉप आहे, दुसऱ्या जनरेशनचा आय-थ्री, रॅम ४ जीबी. भाऊ त्यावर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, फॉर्म भरतो. क्रोम उघडेपर्यंत चहा पिऊन होतो. दुकानदार म्हणतो, भंगारात द्या, नवीन घ्या. काय करू?

ताई, लगेच भंगारात देऊ नका. तुमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तुमचा प्रोसेसर बाजारात आला २०११ च्या सुरुवातीला. म्हणजे आधारपेक्षा जरा लहानच आहे! वय झालंय, पण कामातून गेलेला नाही.

आधी अडतंय कुठे ते बघा. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात परफॉर्मन्सवर जा. भाऊ नेहमीचं काम करत असताना मेमरी नव्वद टक्क्यांच्या आसपास असेल तर रॅम कमी पडतेय. डिस्क सारखी शंभरवर असेल तर जुनी हार्डडिस्क दम खातेय, तिच्या जागी साधी साटा एसएसडी टाका. सीपीयू शंभरवर अडकला असेल तरच प्रोसेसरचा विचार. माझा अंदाज, तुमच्याकडे पहिल्या दोन गोष्टी निघतील. ज्या मोबाईलवर तुम्ही हे ऐकताय त्यात बहुतेक ४ जीबीपेक्षा जास्त रॅम असेल, विचार करा!

रॅम घेताना डेस्कटॉपची डीडीआर-थ्री मागा. लॅपटॉपची पट्टी आखूड असते. डीडीआर-फोरची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका, स्लॉट तुटेल. ४ जीबीच्या दोन पट्ट्या असल्या तर उत्तम, दोन्ही मिळून जास्त वेगाने काम करतात. आणि विंडोज ३२-बिट आहे का तेही बघा. असेल तर ४ जीबीच्या पुढची रॅम वापरलीच जात नाही, पैसे पाण्यात. सध्या एआयच्या डेटा सेंटरांमुळे नव्या रॅमचे भाव भडकलेत, पण डीडीआर-थ्री सेकंडहँड मिळते. चार दिवसांची टेस्टिंग वॉरंटी मागून घ्या.

आता प्रोसेसर. तुमच्या बोर्डाचं सॉकेट ११५५. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या जनरेशनचेच बसतात. जुना आय-फाइव्ह २४०० टाकला तर दोनाचे चार कोर होतात. तिसऱ्या जनरेशनचा घ्यायचा तर आधी बायोस अपडेट लागू शकतं, आणि ते करताना लाइट गेली तर बोर्डच जायची भीती. इन्व्हर्टर नसेल तर नकोच. शिवाय २४०० हा ९५ वॅटचा, तुमचा आय-थ्री बहुधा ६५ चा. आय-थ्रीचा बारका पंखा नंदुरबारच्या मे महिन्यात त्याला पुरणार नाही. पंखा मोठा घ्या, थर्मल पेस्ट नवीन लावा. केबिनेटमधली धूळही काढा. मिरचीच्या पथारीजवळ घर असेल तर तोंडाला रुमाल बांधूनच!

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. एवढं करूनही विंडोज ११ यावर अधिकृतपणे चालणार नाही. त्याला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून अभ्यास, व्हिडिओ, पीडीएफ यासाठी लिनक्स मिंट टाका, मराठी टायपिंगही होतं.

रॅम आणि एसएसडीपर्यंत खर्च करा. प्रोसेसर, पंखा धरून आकडा आठव्या जनरेशनच्या सेकंडहँड ऑफिस कॉम्प्युटरच्या निम्म्यावर जात असेल, तर तिथेच थांबा. आणि एसएसडी आत्ताच घेऊन ठेवली तरी वाया जात नाही. पुढे नवा कॉम्प्युटर घेतलात की त्यातही लागते, डीडीआर-थ्री रॅम मात्र लागणार नाही. दुकानदाराने काय भाव सांगितला ते कळवा ताई.