आसरा आणि कातडीचा रंग
(पहाडगंज येथील मराठी कामगारांच्या सभेतील भाषण)



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही साथींनी विचारले, निर्वासितांचा आणि आपल्या पगाराचा संबंध काय? संबंध आहे, आणि तो समजून घ्यायला पहाडगंजइतकी सोयीची जागा नाही.

सप्टेंबर १९४७ च्या दंगलीत इथल्या अनेक मुसलमान कुटुंबांना घरेदारे टाकून जावे लागले. पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली माणसे इथे वसली. फाळणीनंतर एकट्या दिल्लीत जवळजवळ पाच लाख निर्वासित आले. आज मेन बझारात जी दुकाने आणि हॉटेले दिसतात, त्यांतली कितीतरी अशाच घरांनी उभी केली. म्हणजे हा बाजार आसरा मागणाऱ्यांच्या हातून घडला आहे.

आता त्याच बाजारातल्या हॉटेलचा काउंटर पाहा. परदेशी पाहुणा उतरला की त्याच्या माहितीचा फॉर्म भरून चोवीस तासांत सरकारकडे पाठवावा लागतो. त्यात पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील द्यावा लागतो. नियम सर्वांना एकच. पण हॉटेलांत काम करणारे आमचे साथी सांगतात की पाठीवर पिशवी घेतलेला गोरा आला की चावी आधी निघते, फॉर्म मागून. आफ्रिकेतला माणूस आला की पासपोर्ट उघडण्यापूर्वीच ‘खोली नाही’. मालकाने तसे सांगून ठेवलेले असते आणि बोलावे लागते आमच्या माणसाला. मग जो युद्धातून पळाला आहे, ज्याच्या व्हिशाची मुदत संपली आहे आणि ज्याच्याजवळ संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे कार्ड तेवढे आहे, त्याने कुठे जावे?

ही गोष्ट काउंटरवर थांबत नाही. मे २०१६ मध्ये वसंत कुंज भागात रिक्षाच्या वादातून काँगोच्या एका तरुणाला ठेचून मारले. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमाव धावून गेला. त्याआधी हे लोक माणसे खातात अशी अफवा उठली होती, आणि शिकलेल्यांच्या वस्तीने ती खरी मानली! एवढेच कशाला, जानेवारी २०१४ मध्ये लाजपतनगरात केसांवरून चिडवून ज्याला मारहाण झाली आणि जो त्यानंतर मरण पावला, तो अरुणाचलचा विद्यार्थी होता, भारताचा नागरिक. चेहऱ्यावरून देश ठरवायची सवय लागली की ती कागद पाहत नाही.

आपण महाराष्ट्रातले लोक यापासून दूर आहोत असे समजू नका. सावळ्या विठोबाच्या पायावर डोके ठेवणारे आपण सून मात्र गोरी शोधतो. निजामशाही सावरून धरणारा आणि खडकी शहर वसवणारा मलिक अंबर हबशी होता, गुलाम म्हणून विकला गेला होता. आज तो या बाजारात आला असता तर त्यालाही खोली मिळाली नसती. आणि मुंबईत साठच्या दशकात दाक्षिणात्यांवर, २००८ मध्ये उत्तर भारतीय टॅक्सीवाल्यांवर जे हात उठले, ते आपल्याच भाषेच्या नावाने उठले.

पण आसरा देण्याची रीतही आपल्याकडे आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाने हद्दपार केलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ पासून १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांची मुले तिथे शिकली. पुढे त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगरची बाजारपेठ उभी राहिली. सांगली-कोल्हापूरकडच्या आपल्या गलाई कारागिरांपैकी कितीजण लग्नाचा बस्ता तिथूनच बांधतात. इथे आम्ही एक गोष्ट लपवणार नाही. पोलिश लोक गोरे होते, आणि पोटासाठी ते आमच्या कामगाराच्या शेजारी रांगेत उभे नव्हते. त्यामुळे तेव्हाचे औदार्य सोपे होते.

आजचा निर्वासित मात्र रांगेत आहे. ब्रह्मदेशातला चिन, अफगाण, सोमाली, रोहिंग्या, सगळे दिल्लीत मिळेल ते काम करतात. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. २०२५ मध्ये परकीयांविषयीचा नवा कायदा झाला, त्यातही ‘निर्वासित’ म्हणून वेगळी ओळख नाही. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन देशांतल्या सहा धर्मांना वाट दिली, बाकीच्यांना नाही. मग बिनकागदाचा माणूस मोरीत भांडी घासतो, बारा-बारा तास राबतो, आणि पैसे बुडाले तर तक्रार करत नाही, कारण पोलीस आधी त्यालाच पकडतील. मालकाला हेच हवे असते. तो आमच्या माणसाला म्हणतो, तुझ्यापेक्षा कमीत करणारा दारात उभा आहे. दर पाडतो मालक, आणि आम्ही शिव्या देतो त्या काळ्या किंवा चपट्या नाकाच्या माणसाला. याहून स्वस्त पहारेकरी मालकाला कुठे मिळणार?

कायद्यात आधार अगदीच नाही असे नाही. चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले की जीविताचा हक्क नागरिक असो वा नसो, प्रत्येक व्यक्तीला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १११ क्रमांकाचा करार भारताने १९६० मध्ये मान्य केला. नोकरीत वंश, रंग, धर्म किंवा राष्ट्रीय मूळ यांवरून भेद करू नये असे तो सांगतो. आपल्या जुन्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्यानेही सभासदाला वय विचारले होते, नागरिकत्व नव्हे.

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींपुरते आहे. किमान वेतनाची तक्रार घेताना युनियनने कोणाचा देश विचारू नये. निर्वासितांना काम करण्याचा परवाना मिळावा, ही मागणी फेडरेशनने दिल्लीत सरकारपुढे मांडावी. आणि काउंटरवरच्या साथीला ‘खोली नाही’ असे खोटे बोलायला लावले, आणि त्याने नकार दिला म्हणून त्याची नोकरी गेली, तर तो युनियनचा झगडा समजावा. ठरावाचा मसुदा टेबलावर आहे. हॉटेल कामगार साथींनी त्यावर आधी बोलावे. आमच्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.