पुंगळी अडकते तेव्हा



कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. या प्रकारात .२२ बोअरचे पिस्तूल वापरतात आणि शीघ्र फेरीत प्रत्येक गोळीस अवघे ३ सेकंद मिळतात. अशा वेळी रिकामी पुंगळी अडकली, तर पुढची गोळी सुटतच नाही.

गोळी सुटताच वायूच्या दाबाने पुंगळी व तिच्यामागील बोल्ट मागे ढकलले जातात. बोल्टवरील लहानसा आकडा पुंगळीची कड धरून ठेवतो आणि मागे जाता जाता ती एका स्थिर दांड्यावर आपटून खिडकीतून बाहेर फेकली जाते.

दोष दिसताच पुष्कळांचा हात प्रथम स्प्रिंगकडे जातो. तो आवरावा. या काडतुसांच्या शिशाच्या गोळीवर मेणासारखा लेप असतो. तो आणि दारूची काजळी आकड्याखाली व चेंबरमध्ये साचतात. बहुतेक तक्रारी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून केलेल्या साफसफाईनेच मिटतात. मिटली नाही तर काडतूस बदलून पाहावे, कारण सौम्य काडतुसाचा जोर एखाद्या पिस्तुलाला अपुरा पडतो. मनगट सैल राहिले तरी बोल्टचा प्रवास अर्धवट होतो. नवशिक्यांच्या बाबतीत हे विसरू नये.

एक कारण मात्र सहसा ध्यानात येत नाही. .२२ काडतुसाचा पेटता मसाला त्याच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवर आघात करते. चेंबर रिकामे ठेवून चाप ओढण्याचा सराव केल्यास काही पिस्तुलांत तीच पिन चेंबरच्या काठावर आदळते. काठाला बारीक कंगोरा येतो आणि पुंगळी तेथे घट्ट बसते. मग साफसफाई कितीही करा, व्यर्थ! कंगोरा काढणे किंवा झिजलेला आकडा बदलणे हे परवानाधारक कारागिराचेच काम. क्लबात कानस चालविणे धोक्याचे.

क्रीडाशिक्षकांनी आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडावी. स्पर्धेत पुंगळी अडकली की पिस्तुलाचे तोंड लक्ष्याकडेच ठेवून मोकळा हात वर करावयाचा. रेंज अधिकाऱ्याने तपासण्यापूर्वी नेमबाजाने बोल्टला हात लावला, तर तो बिघाड ग्राह्य धरला जात नाही आणि न सुटलेल्या गोळ्यांचे गुण जातात.